डुक्करगाडी रिजेक्ट!

महिन्याभरापूर्वीची रविवारची सकाळ. आमच्या निगडीच्या बाल्कनीत एका रिक्षाचा पापड झाला.

खरंच सांगतेय. हाताएवढी, मागे ओढून सोडली की पळणारी प्लास्टिकची रिक्षा. पिंपरी कॅम्पातून घासाघीस करून आणलेली. मी तिच्यावर गाडीच्या टचअपचा स्प्रे मारला, मस्त बॉटल ग्रीन, आणि चहा टाकायला आत गेले. परत येऊन बघते तर टप सुरकुतलेला, पुढची काच दुधाळ आणि आख्ख्या बॉडीला तेलात सोडलेल्या पापडासारखे फोड!

बाबा पेपर वाचत होते. चष्म्यावरून एक नजर टाकली आणि विचारलं, "मटेरियल कोणतं होतं?"

"प्लास्टिक."

"प्लास्टिक हे काय मटेरियलचं नाव झालं? आईला विचारलंस, आज भाजी कोणती, आणि ती म्हणाली 'भाजी', तर चालेल तुला?"

बाबा आयुष्यभर कंपनीत क्वालिटीला होते. कुठली कंपनी, असं विचारू नका. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये 'कंपनी'ला नाव लागत नाही. वडील कंपनीत, काका कंपनीत, समोरचे कुलकर्णी कंपनीत, सगळ्यांची सेकंड शिफ्ट. घरी आणलेला प्रत्येक टोमॅटो बाबा इन्स्पेक्शन केल्यासारखा फिरवून बघतात. मी मास कॉम केलं, फ्रीलान्सर झाले, आणि माझ्या कामाला कुठलंच गेज लावता येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

तर, रिक्षा का रंगवत होते? कारण मला टेम्पो बनवायचा होता.

ताईचा मुलगा, म्हणजे आमचं भाचरू, दोन वर्षांचं होणार होतं. त्याच्याकडे जेसीबी आहे, आगीचा बंब आहे, बोलणारी ॲम्ब्युलन्स आहे. नव्हती ती फक्त त्याच्या पणजोबांची गाडी. माझ्या आजोबांचा तीनचाकी टेम्पो होता. पुढे एकच चाक, त्यावर लांब नाक, मागे हौदा. त्या नाकामुळे आमच्या गल्लीत तिचं नाव डुक्करगाडी. कारखाने यायच्या आधीपासून चाकण कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध. आजोबा तिथून कांदा भरायचे आणि पुण्याला मार्केट यार्डात उतरवायचे. बाबांची फी, आत्याचं लग्न, निगडीचं घर, सगळं त्या नाकाच्या जिवावर.

थोडी हिस्टरी. आपण ज्याला सरसकट 'टेम्पो' म्हणतो, ते मुळात जर्मनीतल्या एका कंपनीच्या गाड्यांचं ब्रँडनेम. १९५८ साली सुरू झालेल्या आपल्या बजाज टेम्पोने त्या जर्मन कंपनीच्या परवान्यावर इथे 'हॅन्सियाट' नावाची ही तीनचाकी काढली. २००० सालापर्यंत ती बनत होती. २००५ मध्ये कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, आकुर्डीचा पत्ता तोच राहिला. पण शब्द काही गेला नाही. आजही दारात छोटा हत्ती येऊन उभा राहिला, तरी आई आतून ओरडते, "टेम्पो आला गं!"

एवढी फेमस गाडी, पण खेळण्याच्या दुकानात मला ती कुठेच मिळाली नाही. मग काय, कस्टम करायची. रिक्षा घ्यायची, नाक लावायचं, हौदा जोडायचा.

आता हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या जणांच्या मॉनिटरखाली एखादी छोटी मेटलची गाडी असणार, हे मला माहीत आहे. अप्रेझलच्या दिवशी तुम्ही ती टेबलावर हळूच मागेपुढे करता, हेही. माझ्याकडे अशा अकरा आहेत आणि सगळ्या मी स्वतः उघडून रंगवल्यात. त्यामुळे मला वाटत होतं, आपल्याला सगळं येतं. प्रॉब्लेम असा, की मला फक्त मेटल येत होतं.

त्या छोट्या गाड्यांची मेटल म्हणजे लोखंड नाही आणि नुसतं ॲल्युमिनियमही नाही. ती झामॅक. म्हणजे बहुतेक सगळं जस्त, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम आणि चिमूटभर तांबं-मॅग्नेशियम. ती ३८०-३९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून पोलादी साच्यात दाबाने भरली तरी साचा लवकर खराब होत नाही आणि हेडलाइटची बारीक रेघसुद्धा नीट उठते. भोसरीच्या डायकास्टिंगवाल्यांना हे मी सांगायला नको. कुलपाचे आणि कार्बोरेटरचे भाग याच पद्धतीने निघतात. खेळणं आणि स्पेअर पार्ट, दोघंही एकाच खानदानातले!

झामॅकवर काम करणं सोपं. तळाचे दोन रिव्हेट ड्रिलने उडवा, गाडी उघडते. जुना रंग काढा, ४००-६०० नंबरच्या पॉलिश पेपरने बॉडी घासा, मग एच प्रायमर, मग रंग. प्रायमर टाळलात तर गुळगुळीत जस्ताला रंग धरत नाही, नखाने पोपडे निघतात. आणि जुन्या बाजारात एखादी 'अँटिक' गाडी मिळाली आणि तिच्या बॉडीला बारीक तडे दिसले, तर ती दुकानदाराला सविनय परत करा. जस्तात शिसं मिसळलं गेलं असेल, तर दमट हवेत ती धातू आतून फुगते आणि बिस्किटासारखी मोडते. त्यावर कुठलाही प्रायमर चालत नाही. रोग हाडात असताना वरून पावडर लावून काय उपयोग?

पण प्लास्टिकचं गणित वेगळं. ते मला शिकवलं चाकणला बंपरच्या पेंट शॉपमध्ये असलेल्या माझ्या एका मित्राने. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकून तो एवढा कंटाळला होता, की फोनवर आख्खं लेक्चर दिलं.

पहिली टेस्ट, पाण्याचा मग. प्लास्टिकचा लहान तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन. बुडाला तर बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरीन. तुकडा भरीव हवा आणि त्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले नकोत, नाहीतर टेस्ट फसते. बुडणाऱ्यांना रंग आणि गोंद छान धरतो, पण थिनर आणि ॲसिटोन त्यांना विरघळवतात. माझ्या रिक्षाचा पापड झाला तो यामुळेच. त्यांना पाण्यात कालवलेले ॲक्रिलिक रंग द्यायचे, पातळ थर, दोन थरांमध्ये सुकायला वेळ. तरंगणाऱ्यांना थिनरने फारसं काही होत नाही, पण त्यांना रंगही धरत नाही आणि फेविक्विकही. गाड्यांचे बंपरही बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचेच. म्हणून कारखान्यात आधी त्यावरून ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात, मगच रंग.

"आणि एक ऐक," तो म्हणाला, "कोणी तुला टू-के पीयू रंग आणून दिला, तर घरात मारू नकोस. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. दम्याचा त्रास लागू शकतो, कायमचा. आमच्याकडे बूथ असतो, बाहेरून हवा येणारा मास्क असतो. तुझ्याकडे काय आहे? ओढणी?"

ओढणीच होती.

मग मी दुसरी रिक्षा आणली आणि तीन वीकेंड घातले. नाक एम-सीलचं. दोन वड्या मळायच्या, आकार द्यायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी पॉलिश पेपर. हौदा सनबोर्डचा, कारण तो कटरने लोण्यासारखा कापला जातो. काच फेविक्विकने चिकटवायची नाही हेही शिकले. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धूळ बसते ती बसतेच. तिथे पांढरा फेविकॉल, तो सुकला की दिसत नाही.

सगळ्यात मजा आली कांद्याच्या पोत्यांना. मी खरं गोणपाट कापून पोती शिवली. दिसली कशी? टेम्पोत सतरंज्या भरल्यासारखी. गाडी लहान केली, पण गोणपाटाची वीण थोडीच लहान होते! शेवटी फर्स्ट एडच्या डब्यातलं बँडेजचं कापड चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं, आणि काय सांगू, हुबेहूब चाकणची पोती. छोट्या गाडीचा फंडाच हा, की खरं मटेरियल खोटं दिसतं आणि खोटं खरं.

वर बॉटल ग्रीन, बंपरला चॉकलेटची चांदी, मागे पांढऱ्या रंगाने नंबर. नंबर मला माहीत नव्हता. बाबांना विचारला तर त्यांनी पेपरमधून मान वर न करता सांगितला. एक आकडा न चुकता. मी पुढे काही विचारलं नाही, त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही.

शेवटचा टच म्हणून दोन छोटे एलईडी हेडलाइट, हौद्याखाली बटन सेल. अंधारात लावले तेव्हा मीच माझ्या प्रेमात पडले. फोटो टाकला, लाइक्सचा पाऊस. बॉस, आपण जिंकलो!

शनिवारी ताई आली. हिंजवडीहून दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून, कडेवर भाचरू, खांद्यावर लॅपटॉप. मी टेम्पो पुढे केला. भाचरू हसलं, दोन्ही हातांनी तो धरला आणि पहिली गोष्ट काय केली असेल? नाक तोंडात घातलं.

ताईने टेम्पो काढून घेतला. उलटासुलटा पाहिला. हेडलाइटला बोटाने जरासं ओढलं. तो तिच्या हातात आला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "हे त्याच्या तोंडात असतं तर?"

मग तिने हौद्याखालचं झाकण नखाने उघडलं. स्क्रूसुद्धा नव्हता त्याला. बटन सेल टप्पकन टेबलावर पडला. त्याचं काय होतं हे मला माहीत होतं, याच मॅगझिनसाठी दिवाळीच्या अंकात मी लिहिलं होतं. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून भाजून काढतो. मी लिहिलं होतं. आणि मीच तो लावला होता, का, तर फोटोत छान दिसतो म्हणून.

बाबा उठले आणि आतल्या खोलीतून काहीतरी घेऊन आले. नायलॉनचा एक ठोकळा, मधोमध गोल भोक. भोसरीत जुन्या मित्राच्या लेथवर बनवून आणलेला. "एकतीस पॉइंट सात," ते म्हणाले. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर वापरतात तो सिलिंडर, व्यास ३१.७ मिलिमीटर. जो भाग त्यात पूर्ण मावतो, तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. म्हणजे गो, नो-गो गेज, फक्त उलटं. इथे आत गेला तो पार्ट फेल.

हेडलाइट आत गेला. बटन सेल आत गेला. कांद्याचं पोतं आत गेलं. हौद्याचा आरसा आत गेला. बाबांनी खिशातून लाल स्टिकर काढलं (रिटायर होऊन सहा वर्षं झाली, लाल स्टिकर अजून खिशात!) आणि माझ्या टेम्पोच्या टपावर चिकटवलं. रिजेक्ट.

"गाडी चांगली आहे गं," ते म्हणाले. "पण तू पहिला प्रश्नच विचारला नाहीस. पार्ट कुठे बसणार? कोण वापरणार? मटेरियल त्यानंतर."

मला इंग्लंडची एक गोष्ट आठवली. मॅचबॉक्स गाड्या जन्माला आल्या त्या एका शाळेच्या नियमामुळे. काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं शाळेत आणायचं. लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेलने आपल्या मुलीसाठी तेवढा रोडरोलर बनवला, आणि १९५३ पासून त्या गाड्या बाजारात आल्या. तेव्हा डब्यात मावलं की पास. आमच्या घरात ठोकळ्यात मावलं की नापास.

आणि रंगाचं? आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पण तो घराच्या भिंतीच्या रंगाचा. कारखान्यातला, गाडीचा, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या दुकानातला बिनलेबलचा रंग त्यात येतोच असं नाही. मोठमोठ्यांचीही इथे विकेट गेली आहे. २००७ साली मॅटेलला 'कार्स' सिनेमातली सार्ज नावाची जीप परत मागवावी लागली होती, रंगात शिसं सापडलं म्हणून. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. पण लक्षात घ्या, तो मार्क कंपनीने बनवलेल्या खेळण्याला असतो. तुम्ही त्यावर एम-सील लावलंत, स्प्रे मारलात, की तो मार्क तुमच्या गाडीबद्दल काहीच सांगत नाही. तिथून पुढे क्वालिटी डिपार्टमेंट तुम्हीच.

वाढदिवसाला सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत टेम्पो बाबांनी बनवला.

आधी ते चाकणच्या एका पॅकिंगवाल्याकडून फुकट मिळणारं पाइनचं लाकूड बघून आले. त्यावर एचटी शिक्का होता, म्हणजे नुसत्या उष्णतेने प्रक्रिया केलेलं. एमबी असता तर मिथाइल ब्रोमाइड वायूने धुरी दिलेलं. तरीही घेतलं नाही. "शिक्का ठीक आहे, पण कंपनीच्या फ्लोअरवर काय काय सांडलं असेल त्यावर, कोण सांगणार?" शेवटी सुताराकडून शिवणीचा तुकडा आणला. हलकी, सहसा न तडकणारी. सावंतवाडीच्या चितारआळीत पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी बनतात, तिथले लोक लाकूड किती बघून घेतात हे मला तेव्हा ऐकवण्यात आलं.

एकाच ठोकळ्यातून नाक आणि केबिन. कुठे जोड नाही, त्यामुळे निघण्यासारखं काही नाही. चाकं ४२ मिलिमीटरची, म्हणजे ठोकळ्यात जाणारच नाहीत. आस लाकडाचा, फेविकॉलने बसवलेला. सगळ्या कडा गोल, पॉलिश पेपर आधी १२०, मग २२०, मग ४००. रंग नाही. हार्डवेअरच्या दुकानात जवसाचं डबल बॉइल्ड तेल मिळतं, तेही नाही, कारण ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूचे क्षार घालतात. फक्त आईच्या कपाटातलं खोबरेल, फडक्याने चोळलेलं. हेडलाइटच्या जागी दोन गोल, खिळ्याच्या टोकाने कोरलेले.

खरं सांगू? फोटोत काहीच दिसत नाही तो. एक लाकडाचा तुकडा आणि तीन चाकं. माझ्या टेम्पोला तीनशे लाइक्स आले होते, याला मी टाकलाच नाही.

पण भाचरू तो पायऱ्यांवरून खाली सोडतं, आंघोळीला नेतं, रात्री उशाशी घेऊन झोपतं. नाकावर दातांचे सहा ठसे आहेत. ताई दर रविवारी व्हिडिओ पाठवते आणि बाबा तो चष्मा लावून, आवाज बंद करून, दोनदा बघतात.

तर मंडळी, ज्यांना कस्टमचा किडा चावलाय त्यांच्यासाठी आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटचा शॉर्टकट. गाडी शोकेससाठी की हातासाठी, हे आधी ठरवा. शोकेससाठी असेल तर झामॅकला प्रायमर, प्लास्टिकला मगातली टेस्ट, मास्क लावा आणि काय हवं ते करा. हातासाठी असेल तर कमीत कमी भाग, कमीत कमी थर. आणि ज्याचं नाव तुम्हाला सांगता येत नाही, ते मटेरियल वापरू नका.

माझा हिरवा टेम्पो आता आमच्या शोकेसमध्ये आहे, वरच्या कप्प्यात, भाचरूचा हात पोहोचणार नाही तिथे. सेल काढलाय, हेडलाइट परत चिकटवलेत. काल मी टपावरचं लाल स्टिकर काढायला गेले, तर बाबा म्हणाले, "राहू दे." मग थोडं थांबून, मला नाही, टेम्पोच्या नंबरप्लेटकडे बघून म्हणाले, "आमच्या अण्णांचा टेम्पोही आरटीओने दोनदा रिजेक्ट केला होता. तरी तो कांदा वेळेवर पोचवायचा."